सख्ख्या माणसावर शक्ती चालत नाही

टिपणीसबाई बेल कोपराने वाजवतात. दोन्ही हात धडधाकट, दोन्ही मोकळे, तरी दारापुढे जरा तिरक्या उभ्या राहतात, खांदा उचलतात आणि कोपर बटणावर टेकवतात. आम्ही इथे नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा हे दृश्य मी दाराच्या भोकातून पाहिलं आणि बाईंना झटकाबिटका येतोय असं वाटून धावत दार उघडलं. सावरायला हात पुढे केला तर त्या केवढ्यांदा तरी ओरडल्या, "हात लावू नका!"

मी जागच्या जागी थिजले.

"बटणाला म्हणतेय मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळपासून तुमच्याकडे कोण कोण येऊन गेलं ते सगळं त्याच्यावर आहे. वाटीभर साखर मिळेल का?"

साखर घेऊन त्या गेल्यावर मी बटण पाहिलं. त्यावर पांढरी भुकटी होती. वास घेतला. टाल्कम पावडर, गुलाबाची.

मीरा रोडच्या शांती नगरात आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि चार भाषा. त्यातलं आमच्या समोरचं दार वसुधा टिपणीस यांचं. गिरगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. चाळ पाडायला काढली तेव्हा इकडे आल्या. लग्न केलेलं नाही. "का हो नाही केलंत?" असं आमच्या सासूबाईंनी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "पुरावा मिळाला नाही." कसला पुरावा, ते सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

बाई लेखिका आहेत. शाळा-कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी रहस्यकथा लिहितात. त्यांची नायिका अवनी, वय वर्षं सोळा, सगळ्या पुस्तकांत सोळाच. तिच्या बोटांत एक शक्ती आहे. कुठल्याही वस्तूला हात लावला की त्या वस्तूला शेवटचा हात कुणी लावला आणि तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं, हे तिला कळतं. म्हणजे दुसऱ्या पानावर गुन्हेगार ठरलेला असतो. पण बाईंचा एक नियम आहे. "शक्तीने फक्त संशय येतो. सिद्ध विज्ञानानेच करायचं." त्यामुळे उरलेलं पुस्तकभर अवनी बिचारी बोटांचे ठसे, केस, माती, कपड्यांचे धागे गोळा करत हिंडत असते.

"आधीच माहीत आहे तर एवढी पानं कशाला?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे विमा कंपनीत आहेत, थोडक्यात आटपावं असं त्यांना सगळ्याच बाबतीत वाटतं.

"गणितात उत्तर माहीत असलं तरी रीत लिहायची असते," बाई म्हणाल्या. "मार्क रीतीला असतात."

दुसरा नियम त्याहून भयंकर. करून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. आणि करून पाहायला गिनीपिग आम्ही. एकदा पावलाच्या ठशावरून माणसाची उंची काढायची होती, तर त्यांनी जिन्याच्या खाली मैदा पसरला आणि कामावरून येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढून त्यावरून चालायला लावलं. सोसायटीचे सेक्रेटरी शाहभाई जेमतेम माझ्याएवढे, पण पाय त्यांचे लांबलचक. बाईंच्या हिशेबाने ते सहा फुटांच्या आसपास निघाले.

"टिपनिसबेन, मी तुमच्यासमोर उभा हाय. बघा ना."

"ठसा खोटं बोलत नाही," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "तुम्हीच कमी पडलात."

दुसऱ्या एका पुस्तकात अवनीला वासावरून माणूस ओळखायला लागणार होता. माणसाला हे जमतं का हे बघायला बाई सकाळी मजल्यामजल्यावर जाऊन दाराबाहेरच्या चपला-बूट हुंगत होत्या. चौथ्या मजल्यावर नव्याने आलेल्या भाभींनी दार उघडलं तर समोर एक सभ्य, काठापदराची साडी नेसलेली म्हातारी त्यांच्या नवऱ्याचा बूट नाकाला लावून डोळे मिटून बसलेली.

"आंटी! ये क्या कर रहे हो?"

"संशोधन," बाई म्हणाल्या आणि दुसरा बूट उचलला.

पण सगळ्यांवर कडी केली ती बिटाने. रक्ताचा थेंब किती उंचीवरून पडला की त्याचा डाग कसा उमटतो, हे बाईंना पाहायचं होतं. त्यांनी बिटाचा रस काढला, दाटपणा यावा म्हणून त्यात थोडं कॉर्नफ्लॉवर घातलं आणि भर दुपारी जिन्यात उभं राहून वेगवेगळ्या उंचीवरून शिंपडलं. नंतर जमीन पुसली, भिंत पुसायची राहिली. मग त्या लिहायला बसल्या आणि विसरून गेल्या.

चार दिवसांनी शाहभाईंना डाग दिसले. गुटखा खाऊन कुणीतरी थुंकलंय, असं त्यांनी जाहीर केलं आणि तपासाला अर्थातच बाईंना बोलावलं. बाई आल्या भिंग, टेप आणि दोऱ्याचं रीळ घेऊन. प्रत्येक डागापासून दोरा ताणून त्यांनी जिन्यात असं जाळं विणलं की वरच्या मजल्यावरच्यांना घरी जाता येईना. शेवटी निकाल दिला. थुंकणारा पुरुष आहे, उंच आहे, डावखुरा आहे आणि रागात आहे.

बिल्डिंगमध्ये उंच, डावखुरे आणि जिन्यात कायम रागात असणारे एकच गृहस्थ. आमचे हे. आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात न घातलेल्या माणसाशी शाहभाई येताजाता तोंडाकडे बघून बोलायला लागले. ह्यांनी बोलणं टाकलं, आधी शाहभाईंशी, मग बाईंशी आणि काही कारण नसताना माझ्याशीही.

बाईंना मात्र अजून रासायनिक पुरावा हवा होता. त्या कापूस घेऊन आल्या, डाग खरवडला, वास घेतला, आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग वळल्या.

"गुन्हेगार मी आहे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर त्यांच्या वळणदार अक्षरात कबुलीजबाब लागला. सदर डाग माझ्या प्रयोगाचे असून श्री. कुलकर्णी निर्दोष आहेत. खाली एक तळटीप होती. निष्कर्ष चुकला असला तरी तपासाची रीत बरोबर होती. ह्यांनी ती तळटीप वाचली आणि बाईंशी अबोला तसाच चालू ठेवला.

बाईंची पुस्तकं जाडजूड नसतात. महाग तर मुळीच नाहीत, त्याबाबत त्या प्रकाशकाशी भांडतात. पुस्तक मोठ्या दुकानात मिळालं नाही तरी चालेल, पण एसटी स्टँडवर मिळालंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि दुसरा हट्ट मागच्या पानाचा. तिथे लेखिकेचा फोटो असतो. फोटोत दोन वेण्या घातलेली, स्टुडिओतल्या रंगवलेल्या तळ्यापुढे बसलेली विशीतली मुलगी आहे. पहिल्या पुस्तकापासून तोच फोटो. मी एकदा म्हटलं, "अहो, आत्ताचा टाका की. या फोटोवरून कोण ओळखणार तुम्हाला?"

"ज्याने ओळखायला हवं तो यावरूनच ओळखेल."

हौस असते एकेकाला, म्हणून मी सोडून दिलं.

फोटोखाली ठळक अक्षरात घरचा पूर्ण पत्ता, विंग आणि मजल्यासकट, आणि फोन नंबर. अशाने काय होतं? सांगोल्याहून एक गृहस्थ चोरीला गेलेल्या मोटरपंपाचं झाकण पिशवीत घालून थेट दारात आले. "अवनीताईंना जरा हात लावून बघायला सांगा," म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला, पोहे दिले, अवनी सध्या गावाला गेली आहे असं सांगितलं. आणि तुमच्या स्टँडवर माझं पुस्तक दिसतं का, वर मांडलेलं असतं की खाली दबलेलं, कोण कोण घेतं, हे खोदून खोदून विचारलं.

आता अवनीच्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. पहिल्याच पुस्तकात अवनीचा धाकटा भाऊ मुकुल नाहीसा होतो. त्यानंतर अवनीने लोकांची हरवलेली पोरं शोधली, दागिने शोधले, एकदा तर अख्खी बस शोधली, पण मुकुल काही सापडला नाही. दुसऱ्या मजल्यावरची फिझा ही बाईंची सगळ्यात कडक वाचक. शाळेतल्या मराठीसाठी म्हणून वाचायला लागली आणि आता कॉलेजात गेली तरी सुटलेली नाही. तिने बाईंना जिन्यात गाठलं.

"आंटी, हे चीटिंग आहे हां. सगळ्या दुनियेला शोधते आणि स्वतःच्या भावाला नाही? त्याची बॅट आहे ना घरात? लाव ना हात बॅटला!"

"सख्ख्या माणसावर शक्ती चालत नाही," बाई म्हणाल्या.

"हा रूल कधी आला? आधीच्या बुकमध्ये तर नव्हता."

"होता. तुला दिसला नाही."

फिझासारखीच पत्रं प्रकाशकाकडे जायला लागली असावीत. पुण्याहून त्यांचा फोन आला. या भागात भाऊ सापडलाच पाहिजे, जिवंत सापडवा नाहीतर मेलेला, पण सापडवा, नाहीतर मालिका इथेच थांबवू. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मालिका म्हणजे त्यांचा जीव. मी म्हटलं, "मग सापडवून टाका की. एका प्रकरणाचं तर काम."

"कसा सापडवू?" त्या म्हणाल्या. "काहीतरी हाती लागायला नको का?"

त्यांनी खरंच प्रयत्न केला. अनेक दिवस त्यांच्या घरातून कागद फाडल्याचे आवाज येत होते.

आणि मग एका सकाळी आमची बेल बोटाने वाजली. कोपराने वाजवली की ती जरा चाचरते. ही सलग वाजली. दारात बाई होत्या. हातात पर्स, चपला घातलेल्या.

"मेघना, माझ्याबरोबर पोलीस चौकीत येशील? काही विचारू नकोस, रिक्षात सांगते."

मी ऑफिसला दांडी कळवली आणि निघाले. एवढ्या वर्षांत बाईंनी साखरेपलीकडे काही मागितलं नव्हतं.

रिक्षात त्यांनी सांगितलं ते असं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, सुहास. बारावीत दुसऱ्यांदा नापास झाला, वडील वाट्टेल ते बोलले, आणि तो वाचनालयात जाऊन येतो म्हणून जो गेला तो आलाच नाही. वडील त्याच धक्क्याने गेले, आई वाट बघून बघून गेली. चाळ सुटली तेव्हा बाईंनी नवा पत्ता वाण्याकडे, देवळात, इस्त्रीवाल्याकडे, सगळीकडे देऊन ठेवला. पण ती माणसं तरी किती दिवस राहणार तिथे?

"त्याला रहस्यकथांचं वेड. बाकी अभ्यासाच्या नावाने शून्य," बाई बाहेर बघत म्हणाल्या. "स्टँडवर कुठेही गेलो की हा आधी पुस्तकांच्या स्टॉलवर. आणि खोड अशी की पुस्तक उचललं की पहिल्यांदा मागचं पान बघायचा."

त्या वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो कधीचा असेल ते विचारायची गरज नव्हती. मला एकदम इतकं भरून आलं की मी रिक्षावाल्याला उगाचच "भैया, धीरे चलाओ" म्हटलं.

चौकीतल्या पोलीसबाईंनी नीट समजावून सांगितलं. काही महिन्यांपूर्वी वरसाव्याला खाडीत एक बेवारस मृतदेह मिळाला होता. साधारण सुहासच्या आत्ताच्या वयाचा पुरुष. डाव्या हाताचं हाड लहानपणी कधीतरी मोडून जुळलेलं. जुन्या तक्रारी चाळताना त्यांना तीच खूण सापडली, कारण सुहास लहानपणी चाळीच्या गॅलरीतून पडला होता. अंत्यसंस्कार उरकले होते, पण नमुना जपून ठेवला होता. आता सख्ख्या बहिणीचा नमुना मिळाला की जुळवून पाहता येईल. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, झालं. दुखतसुद्धा नाही.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या पुस्तकात आहे."

दवाखान्यात नमुना घेणारा मुलगा तरुण होता, नम्र होता. बाईंनी त्याला उभ्याउभ्या फैलावर घेतलं. हातमोजे आधीच का घातलेत, माझ्यासमोर घाला. हा कापूस कधी उघडला? लेबल आधी लिहिलं असेल तर ते बाद. साक्षीदार कुठे आहे? पेनची शाई पाण्याने पुसली जाते का, बघितलंय? मुलगा म्हणाला, "मावशी, रोज करतो मी हे." बाई म्हणाल्या, "रोज चुकत असाल," आणि पर्स उचलून तरातरा बाहेर पडल्या.

येताना रिक्षात मी जरा चिडलेच होते. "बाई, अहो त्याचं काहीएक चुकलं नव्हतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. रिक्षा शांती नगरात वळली तेव्हा म्हणाल्या, "नमुना दिला नाही तोवर तो कुठेही असू शकतो गं. नाशकात असेल, सुरतेला असेल. लग्न झालं असेल. दिला आणि जुळला, की मग तो फक्त त्या खाडीत."

आयुष्यभर दुसऱ्यांना पुरावा मागणारी बाई, आणि हा एक पुरावा तिला नको होता.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच म्हणाल्या, चल. या खेपेला तो मुलगा तयारीत होता. त्याने नवं पाकीट बाईंसमोर फोडलं. हातमोजे समोर चढवले. लेबल समोर लिहिलं, शाईवर ओलं बोट फिरवून दाखवलं. साक्षीला नर्सला बोलावलं, सील करायची लाख काढून टेबलावर मांडली. बाई चष्मा सारखा करून एकेक गोष्ट बघत होत्या. वाकून बघत होत्या, बाजूने बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मेघना," त्या हळूच म्हणाल्या, "काहीच चूक सापडत नाहीये गं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

अहवाल यायला वेळ लागला. त्या काळात आमच्या बेलवर पावडर दिसली नाही. शाहभाईंनीसुद्धा चौकशी केली, "टिपनिसबेनची तब्येत बरी हाय ना? मी चालतो पाहिजे तर मैद्यावर." ह्यांनी एक दिवस स्वतः जाऊन त्यांना बाजारातून बीट आणून दिलं. अबोला मोडायची ह्यांची ही पद्धत. बाईंनी प्रकाशकाला मात्र तेवढ्यात कळवून टाकलं, मुकुल सापडणार नाही, मालिका थांबवायची तर थांबवा. प्रकाशक कुरकुरले आणि पुढच्या भागाला हो म्हणाले. न सापडलेल्या भावावर चिडून का होईना, पोरं पुस्तक घेतात हे त्यांनाही कळत असावं.

मग चौकीतून बोलावणं आलं. आम्ही दोघी गेलो. त्या पोलीसबाईंनी कागद पुढे सरकवायच्या आधीच तोंडाने सांगितलं, "नाही जुळला, मॅडम. तुमचा भाऊ नाहीये तो."

बाईंनी कागद दोनदा वाचला. "मग तो कोण?" त्यांनी विचारलं. ते अजून कळलं नव्हतं. "त्याच्याही घरी कुणीतरी असेल हो," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली. मग उठल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चल, केबिन रोडला जाऊ."

तिथल्या बाजारात खाण्याच्या गाड्या असतात, मला वाटलं, भूक लागली असेल. पण त्या तरातरा एका कपड्यांच्या दुकानाच्या पायरीवर चढल्या आणि पुरुषांचे शर्ट दाखवा म्हणाल्या. गल्ल्यावरच्या वयस्कर शेठनी ढीग पुढे टाकला. बाईंनी निळ्या चौकडीचा एक काढला, कापड बोटांत चोळून पाहिलं.

"भाई के लिए चाहिए."

"साईज बोलो, बेन."

बाईंचा हात थांबला. मैद्यावरच्या ठशावरून साऱ्या बिल्डिंगची उंची काढणारी ही बाई, आणि सख्ख्या भावाचं माप तिला ठाऊक नव्हतं.

"दुबले हैं के तंदुरुस्त?" शेठनी मदत केली.

बाई वळल्या आणि रस्त्याकडे बघायला लागल्या. केबिन रोडवर संध्याकाळची झुंबड होती. "वो देखो, वैसा," त्यांनी पिशवी घेऊन चाललेल्या एका माणसाकडे बोट दाखवलं. "नहीं, उससे जरा ऊँचा. वो स्कूटरवाला है ना, खांदा वैसा. पर इतना पेट नहीं होगा." प्रत्येक पन्नाशीच्या माणसाला त्या इतक्या सराईतपणे न्याहाळत होत्या, की त्या हे आज पहिल्यांदा करत नाहीयेत हे मला तिथल्या तिथे कळलं.

शेठ हसायला लागले. "बेन, भाई को ही लेके आओ ना. पेहनके देख लेंगे."

"अभी वो बाहर है," बाई म्हणाल्या. "तुम बडा ही दे दो. नहीं हुआ तो बदलके दोगे ना?"

"हाँ हाँ, देंगे ना. बिल संभालके रखना, आठ दिन में आ जाना."

"आठ दिन में नहीं होगा," बाई म्हणाल्या. "वो आएगा तब लाऊँगी."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्यांनी शर्टाची घडी नीट केली, पिशवीत घातला आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली.

"चलो बेन, आएगा तब लाना. मैं इधर ही बैठा हूँ."